गावात टीबीचे पेशंट किती, मृत्यू किती? तीन ठिकाणी तीन आकडे निघतात तेव्हा

प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही ग्रामपंचायत सदस्य, मराठवाड्यातलं ३,४०० वस्तीचं गाव. गेल्या वर्षी निक्षय पोर्टलवर (टीबी पेशंटांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल) गावाच्या नावावर ५ पेशंट आणि १ मृत्यू दिसतो. ग्रामपंचायतीच्या मृत्यू रजिस्टरला टीबीनं गेलेला एकही माणूस नाही. आणि आशाताई म्हणतात, गावही म्हणतं, की चौघं टीबीनं गेले. तर खरं कोण, आणि टीबीमुक्त पंचायत म्हणून गाव जाहीर व्हावं यासाठीच्या प्रस्तावात कुठला आकडा टाकायचा? वर कुणीतरी सल्ला दिलाय की ५ पैकी पुण्याला राहणारे दोघं पेशंट निक्षयवर तिकडे ट्रान्सफर करून टाका म्हणजे प्रश्नच मिटेल.

मी एसटीएस आहे, म्हणजे तालुक्याच्या टीबी युनिटला वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक, त्याआधी काही वर्षं लॅबला थुंकीच्या काचा बघत होतो. डॉक्टर नाही, पण ही रजिस्टरं आणि ही जुळवाजुळव माझं रोजचंच काम आहे त्यामुळे त्याबद्दल बोलतो.

पहिली गोष्ट, खोटं कुणीच बोलत नाहीये. तिघंही वेगवेगळं मोजतायत आणि तिघांच्याही मोजण्याला नाव मात्र एकच, "टीबीचा मृत्यू". त्यामुळे तुमचा खरा प्रश्न "कुठला आकडा बरोबर" हा नाहीये, "चौघांतला प्रत्येक माणूस कुठल्या वहीत सापडतो, कुठल्या वहीत नाही आणि का नाही" हा आहे. हे नावागणिकच करावं लागतं, बेरीज-वजाबाकी करून सुटत नाही.

निक्षयपासून सुरू करू. २०१२ पासून हे पोर्टल आहे आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात टीबीची नोंद खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाली. निक्षयमधे पेशंटचा शेवटचा निकाल भरावा लागतो: बरा झाला, उपचार पूर्ण, औषधं सोडली, उपचार अपयशी, मृत्यू वगैरे. यातल्या "मृत्यू"चा अर्थ फक्त इतकाच की निदान झाल्यावर, उपचार सुरू व्हायच्या आधी किंवा उपचार चालू असताना माणूस गेला. कशानं गेला हे त्यात बघत नाहीत. गोळ्या चालू असताना मोटारसायकलवरून पडून गेला, साप चावून गेला, तरी निकाल मृत्यूच. लोकांना हे अन्यायाचं वाटतं पण त्याला कारण आहे, प्रत्येक ठिकाणचा कर्मचारी आपापल्या अकलेनं कारण ठरवायला लागला तर "हा टीबीनं नाही हो गेला, हार्टनं गेला" म्हणून अर्धे मृत्यू गायब होतील.

दुसरी अडचण वर्षाची. निक्षयचा मृत्यू पेशंटच्या निदानाच्या वर्षात जातो. नोव्हेंबर २०२३ ला निदान, फेब्रुवारी २०२४ ला मृत्यू, तर तो २०२३ च्या पेशंटांच्या निकालात धरला जातो आणि ग्रामपंचायतीत मात्र २०२४ ची नोंद. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वर्ष-वर्ष जुळवायला गेलं की इथंच पहिला घोळ होतो आणि मग लोक एकमेकांवर ओरडायला लागतात.

आता मृत्यू रजिस्टर. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथं झाला तिथं नोंदला जातो, माणूस कुठला होता त्यावर नाही. म्हणजे तुमच्या गावचा माणूस छत्रपती संभाजीनगरच्या किंवा पुण्याच्या दवाखान्यात गेला तर नोंद तिथल्या महापालिकेत, तुमच्या ग्रामसेवकाकडे (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून ग्रामसेवकच) काहीच येणार नाही. आणि घरी गेला तर कारणाच्या रकान्यात नातेवाईक सांगतील ते. वृद्धापकाळ, अल्पशा आजाराने, हृदयविकार, हे तीन शब्द इतक्या वेळा दिसतात की बस. चाळिशीतल्या माणसापुढे "वृद्धापकाळ" लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. टीबी लिहायला घरचे तयार नसतात, पोरीचं लग्न जमायचं असतं, आणि लिहिणाऱ्यालाही वाद नको असतो.

दवाखान्यातले कागदही फार वेगळे नसतात. "कार्डिओ रेस्पिरेटरी अरेस्ट" लिहून सही केली की झालं, अहो पण हृदय आणि श्वास थांबूनच माणूस जातो ना, तो कशामुळे थांबला ते लिहायचं असतं. डॉक्टरनं कारण प्रमाणित केलेले मृत्यू २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्केच होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात बदल झालाय, दवाखान्यांनी कारणाचा दाखला देणं आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणं आता बंधनकारक आहे. तेव्हा शहरातल्या दवाखान्यात वारलेल्यांच्या घरी तो कागद असू शकतो, जरूर मागा.

तिसरी वही म्हणजे गावाची आठवण, म्हणजे आशाताईंची डायरी आणि पारावरची चर्चा. हिला कमी लेखू नका कारण बाकी दोन्ही वह्यांतून निसटलेला माणूस फक्त इथंच सापडतो. पण गाव खोकत खोकत वाळून गेलेल्या प्रत्येकाला टीबी म्हणतं, त्यात जुना दमा असतो, फुप्फुसाचा कॅन्सर असतो, खडी क्रशरवर आयुष्य काढलेल्यांचा सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, असतो. सिलिकोसिस आणि टीबी तर एकाच छातीतही असतात, मग वेगळं काढणं अजून अवघड.

तर तुमच्या चौघांचं काय निघेल ते मला इथून सांगता येणार नाही, कागद बघितल्याशिवाय कुणीच सांगू नये. पण मला अशा यादीत नेहमी भेटणारे प्रकार सांगतो, तुमचे चौघं बहुतेक यातच कुठंतरी बसतील. एक, उपचार चालू असताना गेलेला. निक्षयला आहे, ग्रामपंचायतीत "हृदयविकार" आहे. हा तुमचा तो १. दोन, शहरातल्या खासगी दवाखान्यात उशिरा दाखल केलेला, तिथंच निदान झालं, आठ-दहा दिवसांत गेला, दवाखान्यानं निक्षयला टाकलाच नाही आणि मृत्यू महापालिकेत. हा दोन्ही वह्यांत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. तीन, दोन-चार वर्षांपूर्वी सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करून बरा झालेला, पण फुप्फुसं खराब होऊन बसलेली, दर थंडीत दम लागायचा आणि एका थंडीत गेला. निक्षयला त्याचा निकाल "बरा झाला" असाच राहणार आणि तो नियमानं बरोबरही आहे. गाव म्हणणार टीबीनं गेला, तेही एका अर्थी चूक नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात टीबीच्या मागे राहिलेल्या त्रासाला वेगळा कोडच आहे, चालू टीबीच्या मृत्यूत त्याला धरत नाहीत. तुमच्या यादीतही त्याला वेगळा रकाना ठेवा. चार, ज्याची थुंकी कधी तपासलीच नाही, एक्सरेही नाही, फक्त लक्षणं. याला "संशयित" एवढंच म्हणता येतं, कितीही खात्री वाटली तरी. आणि एचआयव्ही असलेला टीबीचा पेशंट गेला तर त्या वर्गीकरणात मूळ कारण एचआयव्ही धरतात, निक्षयला मात्र तो टीबीच्या पेशंटांतच मोजला जातो, हाही फरक लक्षात असू द्या.

म्हणजे चारचा आकडा उलगडला की उपचारादरम्यान १, नोंद न झालेला पण कागद असलेला १, बरा झाल्यानंतरचा १, संशयित १ असं काहीतरी निघतं. मग "गावात टीबीचे मृत्यू किती" याचं प्रामाणिक उत्तर "पक्के २, आणि २ वेगळ्या रकान्यात" असं येतं. हे फक्त उदाहरण आहे बरं का, तुमचं वेगळं निघेल.

यादी कशी करायची ते सांगतो. मोजायला बसायच्या आधी नियम ठरवा आणि लिहून ठेवा, नंतर नाव बघून नियम बदलायचा मोह होतो. गावचा माणूस कुणाला म्हणायचं? तुमच्याकडे ऊसतोडीला जाणारे असतील, दिवाळीच्या आसपास निघाले की मार्च-एप्रिलला परत, अर्धं वर्ष फडावर. आम्ही आपला साधा नियम करतो, घर गावात आहे आणि वर्षातला निम्मा काळ तरी गावात राहतो तो आपला. तुम्ही वेगळा करा, पण जो कराल तो पेशंट मोजताना, मृत्यू मोजताना आणि लोकसंख्या धरताना तिन्हीकडे तोच लावा. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची घेऊ नका, आशा आणि आरोग्य सेवकांच्या सर्व्हेची चालू लोकसंख्या उपकेंद्रात मिळते. रकाने फार नकोत: वय, स्त्री की पुरुष, निदानाची तारीख आणि कशावरून, उपचार सुरू झाल्याची तारीख, मृत्यूची तारीख, ठिकाण, कुठल्या वहीत सापडला, आणि तुमच्या नियमाप्रमाणे कुठल्या गटात. जुळवताना नावावर विसंबू नका, एकच बाई एका वहीत माहेरच्या नावानं आणि दुसरीत सासरच्या नावानं असते, वय आणि मोबाइल नंबर पण बघा.

पण हे तुम्ही एकट्यानं करू नका, करताही येणार नाही. निक्षयची नावानिशी यादी सदस्याला मागून मिळत नाही आणि मिळूही नये. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरना भेटा, एसटीएस, आरोग्य सेवक, आशाताई आणि ग्रामसेवक एका टेबलावर बसले तर तुमच्या एवढ्या गावाचं काम एका दुपारचं आहे. तुमच्याकडे फक्त गटवार आकडे आले तरी पुरेत. ग्रामसभेत नावं वाचू नका एवढी कळकळीची विनंती, एकदा चारचौघांत नाव फुटलं की पुढच्या वर्षी गावातलं कुणी थुंकीची डबीच हातात घेत नाही.

आता पेशंटांचा आकडा, ५. हा जास्त की कमी? जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ सालचा भारताचा अंदाज लाखाला १९५ नवे रुग्ण असा होता, २०१५ मधे तो २३७ होता. १९५ च्या हिशोबानं ३,४०० वस्तीत वर्षाला साडेसहा-सातेक अपेक्षित. म्हणजे ५ हे काही भयंकर नाही, उलट एखाददुसरा सापडायचा राहिला असावा असं म्हणायला जागा आहे. अर्थात हा देशाचा आकडा आहे, भिवंडीची वस्ती, मेळघाटातला पाडा आणि तुमचं गाव तिन्हीला एकच लागू होईल असं नाही.

सापडलेले पेशंट म्हणजे असलेले पेशंट नव्हेत, आणि यात सगळा खेळ तपासणीचा आहे. २०१९ ते २०२१ मधे देशभर टीबीचा मोठा सर्व्हे झाला, त्यात लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठं दाखवायलाच गेले नव्हते. आणि सर्व्हेत सापडलेल्या पेशंटांपैकी ४२.६ टक्के फक्त छातीच्या एक्सरेमुळे सापडले, नुसतं "खोकला आहे का" विचारलं असतं तर सुटले असते. म्हणून शून्य पेशंटवालं गाव दिसलं की मी पहिला प्रश्न विचारतो, तपासले किती? टीबीमुक्त पंचायतीच्या निकषांतही हे आहेच, हजार वस्तीमागे वर्षाला किमान ३० संशयितांची तपासणी. तुमच्या गावाला ते १०२ होतात. गेल्या वर्षी १०२ झाल्या होत्या का ते आधी बघा, त्या ५ ला अर्थ तिथून येतो. २० तपासून ५ आणि १२० तपासून ५ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आणि तपासणी वाढवली की पहिली एक-दोन वर्षं पेशंट वाढतात, त्याला घाबरायचं नसतं, सरपंचांना ते आधीच सांगून ठेवा नाहीतर गावात रोग वाढवला म्हणून तुमच्यावरच येईल.

खासगीचं वेगळं बघावं लागतं. टीबीची औषधं २०१४ पासून एच-वन यादीत आहेत, म्हणजे मेडिकलवाल्याला डॉक्टर, पेशंट, औषध आणि किती दिलं याची वेगळी वही ठेवावीच लागते. ती वही तुम्हाला दाखवणार नाहीत, पण टीबी विभाग आणि औषध निरीक्षक बघू शकतात. तालुक्याच्या गावी कुठल्या दुकानातून या गोळ्या जातात आणि त्यातले किती जण निक्षयला आहेत हे जुळवायला तुमच्या एसटीएसला सांगा. आमच्याकडे न नोंदलेले पेशंट बहुतेक याच वाटेनं मिळतात.

छोट्या आकड्यांबद्दल एक सांगतो कारण इथं भलेभले फसतात. हजार वस्तीच्या गावात लाखाला १९५ प्रमाणे वर्षाला सरासरी दोनच्या जवळ पेशंट होणार. पण सरासरी दोन म्हणजे दरवर्षी दोन नाही, कधी शून्य, कधी चार. हिशोब केला तर अशा शंभर गावांपैकी चाळीसेक गावांत केवळ योगायोगानं एक किंवा शून्य पेशंट निघतात, कुणी काहीही न करता. टीबीमुक्त पंचायतीचा निकष वर्षाला हजारी जास्तीत जास्त १ पेशंटचा आहे, म्हणजे ही गावं त्या निकषात आपोआप बसली. तुमच्या ३,४०० च्या गावाला ३ किंवा कमी यायला हवेत, तेवढी योगायोगाची मदत तुम्हाला दहातल्या एखाद्या वर्षीच मिळेल. मृत्यूंचं तर अजूनच. २०२३ चा अंदाज लाखाला २२ मृत्यू असा आहे, तुमच्या गावाला तो वर्षाला एकापेक्षा कमी बसतो. त्यामुळे एका वर्षाच्या मृत्यूंवरून "वाढले" किंवा "कमी झाले" म्हणू नका, पाच वर्षं एकत्र धरा, तेव्हा साधारण तीन-चार अपेक्षित असतात आणि मग तुलनेला काही अर्थ राहतो.

आणि मृत्यू दोन प्रकारे मांडले जातात, तेही वेगळं ठेवा. लाख वस्तीमागे किती गेले हे एक आणि शंभर पेशंटांमागे किती गेले हे दुसरं. दुसऱ्यात छेदाला फक्त नोंदलेले पेशंट असतात. खासगीतला न नोंदलेला पेशंट गेला तर तो वरही नाही, खालीही नाही, आणि गावाचा आकडा आपला छान दिसतो.

आकड्यापेक्षा मला तारखांचा रकाना जास्त उपयोगी वाटतो. निदान ते मृत्यू किती दिवस? उपचार सुरू व्हायच्या आधी किंवा पहिल्या महिना-दीड महिन्यात गेला असेल तर माणूस फार उशिरा पोचला, वजन पार उतरलेलं होतं, नाहीतर दम लागत असताना ॲडमिट करायला हवं होतं तिथं गोळ्या देऊन घरी पाठवलं. तमिळनाडूनं २०२२ पासून हेच पकडलंय, निदान झाल्याबरोबर उंची-वजन, पायावर सूज, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, आधाराशिवाय उभा राहतो का एवढं बघायचं आणि गंभीर असेल त्याला लगेच दाखल करायचं. यातलं काहीही आपल्या उपकेंद्रात न होण्यासारखं नाही, वजनकाटा आणि ऑक्सिमीटर तर आहेच. वजनाचं महत्त्व झारखंडच्या अभ्यासात पण दिसलंय, पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्के वाढलेल्यांमधे मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी होता. उलट चौथ्या-पाचव्या महिन्यात गेला असेल तर वेगळी चौकशी, औषधं मधेच सोडली होती का, दारू, शुगर, औषधांना दाद न देणारा टीबी होता का, ती टेस्ट केली होती का.

आता ते पुण्याचे दोघं. पेशंट खरंच पुण्याला राहत असेल, तिथंच गोळ्या घेत असेल तर ट्रान्सफर करणं बरोबरच आहे, तिथल्या माणसाला त्याच्याकडे बघायला सोपं जातं. पण निक्षयला निदान कुठं झालं ते आणि सध्या उपचार कुठं हे दोन्ही वेगळं राहतं, त्यामुळे ट्रान्सफर केला म्हणजे पुसला गेला असं नाही, तपासायला आलेल्या टीमनं दोन्ही रिपोर्ट काढले तर सरळ दिसतं. आणि पेशंट गावातच राहत असेल आणि फक्त प्रस्तावासाठी पाठवला तर गोळ्या पुण्याच्या केंद्रात आणि माणूस तुमच्या गावात, मधल्या मधे त्याचे डोस चुकतात. असे पेशंट नंतर आमच्याकडेच परत येतात, तेव्हा वजन अजून उतरलेलं असतं आणि कधी कधी औषधंही लागू पडत नाहीत.

निकषांमधेच एक गोची आहे ती मला खटकते, वरच्या बैठकीतही बोललोय. उपचार यशस्वी होण्याचं प्रमाण किमान ८५ टक्के हवं. तुमच्या ५ मधला १ गेला तर झाले ८० टक्के, नापास. एक मृत्यू धरूनही ८५ च्या वर राहायचं तर निदान ७ पेशंट लागतात, आणि हजारी १ च्या आत राहून ७ पेशंट असायला गाव सात हजारांचं लागतं. म्हणजे छोट्या गावाला एक मृत्यूसुद्धा परवडत नाही, म्हणून तो मृत्यू कुठंतरी सरकवायचा मोह होतो. तुम्हाला मिळालेल्या सल्ल्याचं मूळ इथं आहे. माझं मत विचाराल तर या वर्षी ५ आणि १ असेच लिहा, तपासण्या १०२ च्या वर न्या, प्रस्ताव पुढच्या वर्षी करा. निकषांची ताजी प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून घ्या, त्यात मधून मधून बदल होतात.

शेवटचं, आणि हे यादी पूर्ण व्हायची वाट न बघता करा. चौघांपैकी जे निक्षयला नाहीत त्यांच्या घरी कुणी तपासणीला गेलंच नसणार, कारण घरच्यांची तपासणी निक्षयची नोंद झाली की सुरू होते. त्या घरांत बायको, पोरं, म्हातारी आई महिनोन् महिने त्याच खोलीत झोपलेली आहेत. मेडिकल ऑफिसरना सांगून त्या घरांतल्या सगळ्यांचा एक्सरे आणि गरज पडली तर थुंकी करून घ्या, टीबी नाही असं ठरलं तर प्रतिबंधक गोळ्या कुणाला द्यायच्या ते ते ठरवतील, आणि ज्याच्या निदानाचा कागद घरात सापडेल त्याची निक्षयला नोंद मृत्यूनंतर का होईना करून घ्या. चारही घरं झाली की काय निघालं ते इथं कळवा, नावं न टाकता, मग पुढचं बघू.